ऑगस्टमधलं वाक्य

वादू-रेचे, ६ मे १९८४

प्रिय सबिनाताई,

तू म्हणशील, वेतुरियाला काही अडलं की मगच बहीण आठवते. तसंच आहे, काय करू! इथे इंग्रजी येणारा माणूस म्हणजे मी एकटी, आणि माझं इंग्रजी तुला माहीतच आहे.

कामगार मंडळाच्या हॉलमध्ये दर रविवारी दुपारी माझा प्रौढांचा वर्ग चालू झालाय. अकरा जण येतात. बेकरीतल्या दोघी आहेत, धरणावरचे तीन तंत्रज्ञ आहेत, आणि सत्तरीचे इलिये आजोबा. ते नावाडी होते. या वयात इंग्रजी कशाला, म्हटलं तर म्हणाले, "घरात बसून भिंतीशी बोलण्यापेक्षा बरं." मासळीच्या कारखान्यात तपासणीचं काम करणारी लुक्रेत्सिया म्हणून एक बाई आहे, तिशीची. ती सगळ्यांत हुशार. तिनेच मला कोंडीत पकडलं.

धडा भविष्यकाळाचा. आपलं जुनं पुस्तक सांगतं, मी आणि आम्ही असेल तर 'शाल', बाकी सगळ्यांना 'विल'. मग पुढच्याच पानावर 'गोइंग टु' येतं आणि पुस्तक गप्प बसतं. लुक्रेत्सियाने विचारलं, "बाई, दोन्हींचा अर्थ पुढे होणारी गोष्टच ना? मग दोन कशाला?" मी म्हटलं, पुढच्या रविवारी सांगते. तीन रविवार झाले.

प्रत्येकाने घरून एकेक वाक्य लिहून आणलं होतं. ती अकरा वाक्यं नावांसकट उतरवून सोबतच्या कागदावर पाठवते आहे. जरा बघ, आणि मला शहाणी कर.

तुझी,
वेतुरिया

*

क्लूज, १५ मे १९८४

वेतुरिया,

ते पुस्तक चुलीत घाल. 'शाल'चा तो नियम इंग्रजांनीच आता अडगळीत टाकलाय. आता 'शाल' मुख्यतः विचारण्यापुरता उरला: खिडकी उघडू का, आपण निघू या का. तेवढं शिकव आणि पुढे जा.

आता तुझ्या हुशार बाईचा प्रश्न. दार वाजलं आणि तू म्हणालीस, "थांब, मी उघडते," तर तिथे 'विल'. तो निर्णय त्याच क्षणी झाला. वचन दिलंस, "मी लिहीन," तरी 'विल'. नुसता अंदाज केलास तरी 'विल'. पण गोष्ट आधीपासून मनात ठरलेली असेल, "मी लिहिणार आहे," तर 'गोइंग टु'. ढग भरून आलेत आणि पाऊस पडणार हे डोळ्यांना दिसतंय, तरी 'गोइंग टु'. आणि ज्याची वेळ, जागा, माणसं सगळं पक्कं झालंय त्याला तेही नको, साधा चालू वर्तमानकाळ पुरतो. अजून एक: 'जेव्हा' आणि 'जर'च्या मागोमाग 'विल' घालू देऊ नकोस. तुझ्या अकरांतल्या चौघांनी घातलाय.

इलिये आजोबा लिहितात, "मी उद्या म्हातारा होईन." व्याकरण बरोबर. आशावाद जास्त.

सातवं वाक्य लुक्रेत्सियाचं. 'इन ऑगस्ट आय अ‍ॅम गोइंग टु सी माय हजबंड.' ऑगस्टमध्ये मी माझ्या नवऱ्याला भेटणार आहे. सगळ्या कागदात एवढं एकच वाक्य निर्दोष आहे. तिने नुसता नियम पाळलेला दिसत नाही. म्हणायचं होतं तेच तिने लिहिलंय. तिचा नवरा कुठे कामाला असतो?

कागद माझ्यापाशी ठेवून घेतलाय. तुझ्या पाकिटाची कड दोनदा डिंक लावल्यासारखी का होती?

सबिना

*

वादू-रेचे, २७ मे १९८४

सबिनाताई,

हे पत्र टपालात टाकलेलं नाही. क्लूजच्या गाडीवर तिकीट तपासणारी कोर्नेलिया माझी जुनी विद्यार्थिनी. ती तुझ्या दारात आणून देईल. उत्तर तिच्याच हाती दे, आणि टपालाने पुन्हा कोणाच्या नवऱ्याची चौकशी करू नकोस, मी हात जोडते.

लुक्रेत्सियाचा नवरा लाझार तीन वर्षांपूर्वी नदी पोहून सरहद्दीपलीकडे पळून गेला. इथे सगळ्यांना ठाऊक आहे, कोणी बोलत नाही. त्याची आई शेजारणींना सांगते की तो ऑस्ट्रेलियात आहे, घर बांधतोय, बायकोला बोलावून घेणार आहे. लुक्रेत्सियाने दोनदा पासपोर्ट मागितला, दोनदा नाही म्हणाले.

गुरुवारी शाळेत एक माणूस आला. करडा कोट, पायांत चांगले बूट. मुख्याध्यापकांनी त्याला स्वतःची खुर्ची दिली आणि आपण बाहेर जाऊन उभे राहिले. त्याने टेबलावर एक फोटो ठेवला. माझ्या कागदाचा फोटो, ताई! तुला पाठवलेल्या कागदाचा. माझं अक्षर, माझी अकरा नावं.

"सातवं वाक्य," तो म्हणाला. "अर्थ काय याचा?"

मी अर्थ सांगितला.

"तो शब्दकोशातही आहे. मला सांगा, हा बेत आहे की नुसती इच्छा? दोहोंसाठी इंग्रजीत वेगळी क्रियापदं असतात असं ऐकलंय."

कोणाकडून ऐकलं असेल? असलं कोणाच्या कानावर येतं का कधी? मी म्हटलं, तपासून बघावं लागेल. तो म्हणाला, "तपासा. शुक्रवारी, पंधरा जूनला येतो. लेखी द्या, सहीनिशी. तुम्ही बेत म्हणालात तर बेत. इच्छा म्हणालात, आणि बाई ऑगस्टमध्ये गायब झाली, तर मग आपण तुमच्याबद्दल बोलू."

तेव्हापासून मला जेवण जात नाही. वर्गातल्या प्रत्येकाच्या तोंडाकडे बघते. हॉलची किल्ली सांभाळणारा न्यागू कधी नव्हे तो मला नमस्कार करायला लागलाय. बेकरीतली एक जण परवा म्हणाली, "बाई, तुम्ही बारीक झालात," आणि मला वाटलं, हिला का पडलंय?

एकच विचारते, रागावू नकोस. तो कागद तुझ्याकडेच आहे ना? कोणाच्या हातात गेला नव्हता ना?

वेतुरिया

*

क्लूज, ३ जून १९८४

वेतुरिया,

कागद माझ्या टेबलाच्या खणात आहे. मी आत्ता उघडून पाहिलं. टपालात पाकिटं उघडली जातात, हे तुला मी सांगायला हवं का?

आता माझी पाळी. "मी हात जोडते" हे शब्द तू आयुष्यात कधी वापरले नाहीस. लहानपणी माझी बाहुली फोडलीस तेव्हाही नाही. आणि बहिणीला पत्र लिहिताना कोणी माणसाचे बूट कशाला सांगेल? हे पत्र लिहिताना तुझ्या शेजारी कोणी बसलं होतं का? बसलं असेल तर त्यांनाही माझा नमस्कार कळव आणि सांग, की म्हातारी व्याकरणाखेरीज काही बोलत नाही.

तर व्याकरण. खोटं लिहू नकोस. 'गोइंग टु' म्हणजे इच्छा, असं सहीनिशी दिलंस तर राजधानीतला कोणताही प्राध्यापक तुला खोटी पाडेल. पण एवढं खरं लिहू शकतेस: वेळ, जागा, माणसं पक्की असती तर बाई 'आय अ‍ॅम सीइंग' म्हणाली असती. ती तसं म्हणाली नाही. 'गोइंग टु' माणसाच्या मनातलं सांगतं, त्याने हालचाल केली की नाही ते सांगत नाही.

हे त्याला पुरेल असं मला वाटत नाही. मनातलं असणं हाच त्याच्या लेखी गुन्हा आहे.

ती बाई खरंच जाणार आहे का? मला सांगू नकोस. तिलाही विचारू नकोस. जे तुला माहीत नाही ते तुझ्याकडून कोणी काढून घेऊ शकत नाही.

सबिना

*

वादू-रेचे, १८ जून १९८४

सबिनाताई,

शेजारी कोणी नव्हतं. मांजर होतं. बूट लिहिले कारण तो बोलत होता तेवढा वेळ मी तेच बघत होते.

तुझं उत्तर चार वेळा वाचलं. मग स्वयंपाकघरात बसून तो दाखला लिहायला घेतला. "सदर वाक्यातील सहायक क्रियापद मनातील हेतू दर्शवते" एवढं लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. बाईला तुरुंगात धाडायला एवढी ओळ पुष्कळ झाली असती.

दहा तारखेच्या रविवारी वर्गात गेले. लुक्रेत्सिया नेहमीच्या जागी होती, खिडकीखाली. मी सरळ फळ्याकडे गेले. फळ्यावर तारीख घातली, २९ एप्रिल. त्या दिवशी आम्ही हाच धडा घेतला होता. खाली लिहिलं: 'विल'चं 'गोइंग टु' करा. आणि त्याखाली नमुन्याचं वाक्य: 'इन ऑगस्ट आय अ‍ॅम गोइंग टु सी माय हजबंड.'

म्हटलं, "२९ एप्रिलचं पान उघडा. त्या दिवशी हा नमुना फळ्यावर होता. काहींचा उतरवायचा राहिलाय असं दिसतं. जागा असेल तिथे उतरवून घ्या."

 तो नमुना त्या दिवशी फळ्यावर नव्हता, हे अकराही जणांना माहीत होतं. मी खडू हातात धरून उभी. मनात मोजत होते: यातला एक जण जरी उठला आणि सरळ त्या कचेरीत गेला, तरी मी संपले. कोण असेल? न्यागूचा तो धरणावरचा भाचा? बेकरीतली ती?

इलिये आजोबांनी चष्मा लावला. वाक्य मोठ्याने वाचलं आणि म्हणाले, "चला, नवरा मिळतोय. हिवाळ्याआधी सोय झाली म्हणायची."

कोणी हसलं नाही. पण त्यांनी पेन्सिल उचलली. मग बेकरीतलीने. मग सगळ्यांनी. लुक्रेत्सियाच्या वहीत ते वाक्य आधीच होतं. ती मान खाली घालून बसून राहिली. तिने एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

पंधरा तारखेला करडा कोट आला. मी दाखला दिला नाही. अकरा वह्या पुढे ठेवल्या.

"हे वाक्य माझं आहे," मी म्हटलं. "फळ्यावरचा नमुना. या बाईला घरी वाक्य सुचलं नाही, तिने नमुनाच उतरवून आणला. मी माझ्या बहिणीला पाठवताना लक्ष दिलं नाही. चूक माझी."

"नवऱ्याबद्दल वाक्य? या गावात?"

"माझा नवरा कालव्याच्या बांधकामावर आहे. त्याला ऑगस्टमध्ये सुटी मिळते. मला आठवलं ते लिहिलं."

ते खरं होतं, ताई. दुमित्रूला खरंच ऑगस्टमध्ये सुटी आहे. लिहीपर्यंत माझ्या ते लक्षातही नव्हतं.

त्याने एकेक वही उघडली. पान बोटाने घासून पाहिलं. मग म्हणाला, "यातला कोणी एक बोलवा. मी निवडतो." आणि इलिये आजोबांची वही वर धरली.

आजोबा घरून आले, टोपी हातात घेऊन. त्याने वाचायला सांगितलं. त्यांनी वाचलं. अर्थ सांगा म्हणाला. "ऑगस्टमध्ये मी माझ्या नवऱ्याला भेटणार आहे."

"तुमच्या?"

"बाईंनी सांगितलं तसं लिहिलं, साहेब. नवरा आणि बायको हे पुढच्या धड्यात वेगळे करणार होत्या."

त्याने आजोबांची वही मिटली. मग वह्यांचा गठ्ठा नीट एकावर एक लावला. जाताना मला म्हणाला, "व्याकरण चांगलं शिकवता, बाई." हॉलला रंग द्यायचा असल्याने वर्ग जुलैपासून बंद, असं काल मंडळाकडून कळलं.

अकरांतला एकही फुटला नाही. मग पहिल्यांदा कोण फुटलं होतं?

वेतुरिया

*

क्लूज, २ जुलै १९८४

वेतुरिया,

दोन आठवडे या पत्राची टाळाटाळ केली.

कागद माझ्या खणात आहे, हे मी खरं लिहिलं होतं. तो मधले दोन दिवस खणात नव्हता, हे लिहिलं नाही. एमिल पास्कू माझ्याबरोबर पाठ्यपुस्तकांच्या विभागात बावीस वर्षं होता. दर मंगळवारी चहाला यायचा. मी त्याला तुझा कागद दाखवला. का, तर मिरवायला. म्हटलं, बघ, नदीकाठच्या खेड्यात मासळीच्या कारखान्यातली बाई 'विल' आणि 'गोइंग टु'मधला फरक आपल्या निम्म्या शिक्षकांपेक्षा बरा ओळखते. त्याला तो फरक मीच समजावला, उदाहरणांसकट. तो म्हणाला, घरी नेऊन निवांत वाचतो. गुरुवारी परत आणून दिला, सोबत आलुबुखाराच्या मुरांब्याची बरणी.

तुझं सत्तावीस मेचं पत्र आलं त्या दिवसापासून मला ठाऊक आहे. तो करड्या कोटाचा माणूस ज्या शब्दांत बोलला ते माझेच शब्द होते. तरी मी उलट तुझ्यावरच संशय घेतला. घेतला म्हणजे, घ्यायचा प्रयत्न केला. ते सोपं होतं.

एमिल आता मंगळवारी येत नाही. मी विचारायला गेले नाही. काय विचारणार? तो नाही म्हणेल, आणि तेही खरं असेल की नाही मला कळणार नाही. बरणी अजून फडताळात आहे, मी उघडलेली नाही.

तू मला क्षमा कर असं मी म्हणत नाही. मला फक्त एवढंच सांगायचं होतं, की तुझ्या वर्गात कोणी नव्हतं.

सबिना

*

वादू-रेचे, २० जुलै १९८४

सबिनाताई,

पत्र मिळालं. इथे उकडतंय. सवडीने लिहीन.

वे.

*

वादू-रेचे, १७ ऑगस्ट १९८४

सबिनाताई,

मला आधीच माहीत होतं. त्या फोटोत सातव्या वाक्याशेजारी पेन्सिलीची खूण होती, दोन आडव्या रेघांची, तुझी. शाळेत माझा गृहपाठ तपासायचीस तशी. म्हणजे कागद तुझ्यापर्यंत पोचल्यानंतर फोटो निघाला होता. मी तुला ते सांगितलं नाही, नुसतं विचारलं, कोणाच्या हातात गेला नव्हता ना. तू लिहिलंस, खणात आहे. ताई, महिनाभर मला वाटत होतं की तूच. उघडी पत्रं येत असताना तुझ्यावर काही आलं असेल, कोणी धमकावलं असेल, म्हणून तू दिला असशील. तुझं जुलैचं पत्र वाचून मी खुर्चीत बसले आणि रडले. तू मूर्खपणा केला होतास. मी तुझ्याबद्दल जे मनात आणलं ते त्याहून वाईट होतं. आता दोघींची फिट्टंफाट झाली असं समज, आणि तो मुरांबा फेकून दे.

पण आज लिहितेय ते वेगळ्याच गोष्टीसाठी.

पंधरा ऑगस्टला माता मारियेचा सण. त्या दिवशी पलीकडच्या काठावर ज्यांचे नातेवाईक आहेत त्यांना एका दिवसाचा परवाना मिळतो. सकाळी नावेने जायचं, संध्याकाळी सहाला परत. तेरा तारखेला इलिये आजोबांनी हळूच सांगितलं, यादीत लुक्रेत्सियाचं नाव आहे. तिची एक मावशी पलीकडे सर्ब माणसाच्या घरात दिलेली आहे. नाव एप्रिलपासूनच यादीत होतं.

एप्रिलपासून. तिने वाक्य लिहिलं त्याच्याही आधी. म्हणजे सगळं ठरलेलंच होतं. लाझार ऑस्ट्रेलियातून पलीकडे येऊन थांबणार, ही जाणार आणि परतणार नाही. आणि आम्ही अकरा जण खोटं लिहून बसलेलो. मला तिचा इतका राग आला की काय सांगू. इच्छा म्हणालात आणि बाई गायब झाली तर, हे त्याचं बोलणं कानात घुमत होतं. दुमित्रू सुटीवर आलाय, त्याला मी काहीच सांगितलं नव्हतं, आणि तो नुसता विचारत होता, "तू जेवत का नाहीस?"

पंधराला पाच वाजल्यापासून मी धक्क्यावर जाऊन बसले. माझ्यासारख्या बऱ्याच जणी होत्या. शिपाई यादी घेऊन उभा होता. सहाला दहा मिनिटं असताना नाव आली. एकेक जण उतरायला लागला. हातात टोपल्या, कॉफीच्या पुड्या, मुलांचे बूट. मी मोजत होते. शेवटून तिसरी लुक्रेत्सिया उतरली.

शिपायाने तिच्या नावापुढे खूण केली. ती सरळ माझ्याकडे आली आणि बाकावर बसली. टोपलीत भोपळी मिरच्या होत्या.

"तुम्हाला वाटलं मी येणार नाही," ती म्हणाली.

"हो."

"सगळ्यांनाच वाटलं. नावाडी जाताना मला म्हणाला, सुखी राहा." ती थोडी हसली. मग म्हणाली, "लाझार ऑस्ट्रेलियात नाहीये, बाई. तो पलीकडेच आहे. पोहून पोचला, पण जिवंत नाही पोचला. तिथल्या पाद्र्याने त्याला पुरला, नाव माहीत नव्हतं म्हणून नुसता क्रूस लावला. पट्ट्याचं बक्कल काढून ठेवलं होतं. ते त्याने कारखान्यात स्वतः घडवलेलं. मावशीने मार्चमध्ये ते ओळखलं आणि निरोप धाडला."

 मी विचारलं, "मग इंग्रजी? ऑस्ट्रेलिया?"

"ते सासूबाईंचं. त्यांना कोणीतरी सांगितलं, त्यांनी धरून ठेवलं. मी वर्गाला येते म्हणजे मला बोलावणं येणार, असं त्या शेजारणींना सांगतात. मार्चनंतर मी यायची थांबले असते तर त्यांनी कारण विचारलं असतं. मला सांगता आलं नसतं."

"ते वाक्य तू लिहायला नको होतंस."

"तुम्ही म्हणालात, खरं ठरलेलं काहीतरी लिहून आणा. माझं एवढंच ठरलेलं होतं." तिने टोपलीतल्या मिरच्या उगाच सारख्या केल्या. "मला त्याचं थडगं बघायला जाणार आहे असं लिहायचं होतं. पण थडग्याला इंग्रजीत काय म्हणतात ते मला येत नव्हतं. आपल्या पुस्तकात तो शब्द नाही. मग नवराच लिहिला."

धक्क्यावरची माणसं पांगत होती. शिपाई यादीची घडी घालत होता. मी तिला तो शब्द सांगितला. तिने खिशातून पेन्सिल काढली, परवान्याच्या कागदामागे लिहिला, आणि कागद माझ्यापुढे धरून विचारलं, "बाई, अक्षरं बरोबर आहेत का?"

बरोबर होती.

तुझी,
वेतुरिया